खांद्यावरची पट्टी आणि आपली खळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमचा गळका नळ हे तिन्ही एव्हाना ताळ्यावर आले असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. माझा उजवा खांदा तेवढा सोडून, पण त्याचंही काही विशेष नाही.

झालं असं, की शाळेच्या ग्रंथालयाची अडतीस जुनी पुस्तकं बांधायला आली आहेत. (महिनाअखेरीपर्यंत झाली नाहीत तर यापुढचं सगळं काम छापखान्याकडे, असं ग्रंथपाल बाई अगदी गोड आवाजात सांगून गेल्या.) घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवता शिवता खांदा असा धरला, की सुई ओढताना देव आठवले. डॉक्टरांनी चिकटपट्ट्या दिल्या. पट्टीतलं सूज उतरवणारं औषध कातडीतून आत मुरतं म्हणे. हे ऐकूनच मला निम्मं बरं वाटलं. घरी येऊन लावली, तर ती चिकटेचना. आता दुसऱ्याच्या खळीवर भरवसा ठेवू नये, हे बाबांनी तुला-मला एकत्र बसवून शिकवलंय. मी आपली खळ शिजवली, जरा घट्टच, पट्टीला आतून हात मारला आणि खांद्यावर बसवली. चिकटवलेली वस्तू दाबाखाली ठेवायची, म्हणून दोन जाडे शब्दकोश खांद्यावर घेऊन दुपारभर आडवा झालो. (हिने दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. चोवीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतं.)

आणि ताई, गुण आला की. आठ दिवस दुखणं नाही. मी इतकी स्तुती केली, की शेजारच्या घड्याळवाल्याने धडधाकट गुडघ्याला एक पट्टी लावून घेतली. नवव्या दिवशी पट्टी निघेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोमट पाण्याने अर्धा तास खपून ती सोडवली, उलटून पाहिली आणि मला बसायला सांगितलं. वरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मी काढलाच नव्हता. चिकटपणा त्याखाली, औषधही त्याखाली. मग गुण कशाने आला, असं मी चिडूनच विचारलं. ते म्हणाले, हात हलवला की खळीने कातडी ओढली जात होती, म्हणून तुम्ही आठ दिवस हातच हलवला नाहीत.

आता पट्ट्या रीतसर लावतोय. तीन आठवडे सुईला शिवायचं नाही, अशी ताकीद आहे. काळजी नको. तुझी शिवण माझ्यापेक्षा सरस, असं बाबा म्हणायचे तेव्हा मला फार लागायचं. आता लागत नाही, एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. अक्षर हिचं आहे, हे ओळखलंच असशील. मी नुसता सांगतोय.

ता. क. २. वन्सं, हे मात्र माझं. ते चहा टाकायला उठलेत. अडतीसपैकी अकराच पुस्तकं शिवून झालीत. ‘काळजी नको’ त्यांनी पाच वेळा सांगितलं, मी एकदाच लिहिलं. सोमवारी त्यांनी एका हाताने खिडकीजवळचा बाक रिकामा केला आणि नवी सुई, मेण लावलेला दोरा तिथे काढून ठेवला, डाव्या बाजूला. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाले, असू दे. आमच्या घरात डावखुरं कोणी नाही. कधी निघताय?