टेकोड्यावरचे ठिपके

पांढरकवडा,
२३ सप्टेंबर १९६२

चि. भीमराज,
सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट बुधवारी पोचलं. आठही फोटो शाबूत आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, दुकानही बरं चाललं आहे.

'दादा, परखड सांग' असं लिहिलंस, म्हणून सांगतो. नाकतोड्याचा डोळा धूसर आणि मागची काडी चक्क, रेघ न रेघ दिसते. भिंग लावलं की बोटभर मागेपुढे झालं तरी बिघडतं. मृगाचा किडा काळा आला, त्यात तुझा गुन्हा नाही. या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. वाळवीचे पंख मात्र असे काढलेस, की चौदा वर्षं नवरदेवांचे फेटे सरळ करण्यात घालवलेल्या माणसाला हेवा वाटावा.

आता टेकोड्यांचे पाच, तुझ्या पुस्तकी भाषेत अळंब्यांचे. तिसऱ्यात ऊन कडक, छत्री पांढरीफटक पडली. सकाळचं ऊन धर. पाचव्यात तू चिखलात पोटावर झोपलास ना? छत्रीखालची चूण न चूण मोजून घ्यावी. यात मला नाव ठेवायला जागा नाही.

मग तू विचारशील, जुलैतल्या त्या फोटोत ठिपके काहून आले नाहीत?

या ओळीपाशी मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

खायचं टेकोडं कोणतं आणि विषारी कोणतं, हे शाळेच्या भिंतीवर दाखवायला तू दोन फोटो काढलेस आणि फिल्म माझ्याकडे धुवायला पाठवलीस. त्यासोबतची तुझी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे : 'दुसरा एकदम साफ काढ दादा, पोरायले दुरून दिसलं पाह्यजे.' तू मास्तर, तुझं साफ म्हणजे स्पष्ट. माझ्या दुकानात साफ म्हणजे वेगळं. पोरीचा बाप हळूच म्हणतो, 'थोडा साफ करून द्या जी', की मी निगेटिव्ह उजेडावर धरतो आणि बारीक पेन्सिलनं देवीचे वण, डाग भरून टाकतो. या कसबावरच मी पत्र्याच्या टपरीतून पक्क्या दुकानात आलो. तुझ्या विषारी टेकोड्याच्या पांढऱ्या छत्रीवर तपकिरी ठिपके होते. मला वाटलं, चिखल उडाला. दहा मिनिटांत सगळे भरले. वर तुझ्या वहिनीला म्हणालो, 'पाह्य, टेकोड्याचंबी लगन जमवून देतो आता.' ती खूप हसली.

तू तेव्हा हिवतापानं यवतमाळला पडलेला. फोटो तुमचा शिपाई श्रावण घेऊन गेला आणि त्यानंच तो भिंतीवर चिकटवला, खाली 'खाऊ नका'. पोडावरच्या वस्तीतल्या कोलाम बायांना चित्राची गरज नव्हती, त्या वासानं ओळखतात. गरज होती ती आर्णीकडून लग्न होऊन आलेल्या त्याच्या इंदूबाईला. श्रावणनं थोडं खाल्लं, वाचला. ती दोन दिवसांत गेली.

दहाव्या दिवशी तो दुकानात आला. मी अंधारखोलीत होतो, पण माझे कान तुला माहीत आहेत. पडद्याबाहेर तो वहिनीला सांगत होता, "चित्रातलं साफ होतं बाई. हिनं आनलेल्यावर ठिपके होते. मले म्हने, मास्तरनं मना केलेलं हे नोहे. मी म्हनलं, रांध मंग."

माझ्या हातातला फोटोचा कागद औषधाच्या पाण्यात काळाठिक्कर पडेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

तो लग्नाचा फोटो मोठा करून मागायला आला होता. फोटो माझाच. बराच वेळ पाहून म्हणाला, "भाऊ, हिच्या गालावरचे वण तुमीच मिटवले होते. आता ते वापस येतात काय?"

येतात, भीमराज. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघते. पण त्याच्यासमोर ते केलं असतं, तर मी आणखी काय मिटवलं होतं, हेही त्याला कळलं असतं. मी म्हणालो, "नाही येत." तो बरं म्हणून गेला. तो फोटो मी अजून केलेला नाही.

त्याच आठवड्यात तुझं कार्ड आलं, ठिपके काहून नाही आले म्हणून. मी उत्तर दिलं : तुझं भिंग धूसर होतं. एका ओळीत एका बाईचं मरण तुझ्या डोक्यावर टाकलं. आणि तू ते खरं मानून महिनाभर जंगलात पोटावर झोपून शिकत राहिलास. खिशात राजीनामा लिहून ठेवला आहेस म्हणतोस.

तुझं भिंग चक्क होतं.

पुढच्या सोमवारी इंदूबाईच्या मरणाच्या चौकशीला साहेब शाळेत येतील, तेव्हा मी पहिल्या मोटारीनं निगेटिव्ह घेऊन येतो. त्यांच्यासमोर बोळा फिरवीन, ठिपके दिसतील, तू सुटशील. त्याआधी मला श्रावणच्या दारात जायचं आहे. तिथं काय बोलायचं ते चार दिवस शोधतो आहे. चुकून झालं म्हणायला तोंड नाही. चुकून झालं ते दहा मिनिटांचं. नंतरचे चाळीस दिवस मी जाणूनबुजून गप्प होतो. तू सोबत येऊ नको. तो मारील याचं भय नाही. तो पुन्हा 'बरं' म्हणेल, आणि मग मी कुठं जाऊ?

राजीनामा फाडून टाक. वडीलपणानं आशीर्वाद लिहावा, तर हात चालत नाही. नुसतं नाव लिहितो.

बळीराम