शिफ्टचा चार्ज घेताना

अण्णा, तुमची नात आता रांगू लागली आहे आणि मी पुन्हा कामावर जाऊ लागले आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, मला इंजिनिअर झालेलंही पाहिलं नाहीत. त्यामुळे मला बरंच मागून सुरुवात करावी लागणार. पण एखादी गोष्ट मुळापासून समजावून सांगायची असली की मला किती उत्साह येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो तुमच्याकडूनच आला आहे.

चाकणला मी ज्या कंपनीत काम करते तिथे मोटारींच्या दारांची कुलपं जोडली जातात. लाइनच्या एका टोकाला सुटे भाग येतात, दुसऱ्या टोकाला तयार कुलूप बाहेर पडतं, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी एकच काम होतं. कोणतं काम कुणानंतर यावं, कामगाराचा हात कुठवर पोहोचावा, ही सगळी आखणी मी केली होती. बाळंतपणाच्या रजेवर जाताना ती लाइन मी माझ्या हाताखालच्या मुलीकडे सोपवली. ती मूळची परभणीची, ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. परत आले तर दोन कामांची अदलाबदल झालेली, आणि जिथे माणूस डोळ्यांनी स्प्रिंग तपासायचा तिथे कॅमेरा बसलेला. मला काही उमगेना. आणि मी काय केलं, तर मान डोलावली. ती मुलगी सांगे, मी मान डोलावी. साहेब बोलत, मी मान डोलावी. आपल्याच लाइनबद्दल आपणच काय विचारायचं?

त्यातच गिऱ्हाईक कंपनीची माणसं लाइन पाहायला येणार असल्याचं कळलं. त्यांनी पसंत केली तरच काम पुढे चालू राहणार होतं. साहेब म्हणाले, "लाइन तुमची आहे, तुम्हीच दाखवा." मी मनाशी ठरवलं, त्यांना सांगायचं की लाइन त्या मुलीलाच द्या, मला कागदपत्रांच्या विभागात बसवा. स्वतः उभी केलेली लाइन मी कायमची सोडून द्यायला निघाले होते आणि त्याला समंजसपणा म्हणत होते.

त्या संध्याकाळी पिंपळे गुरवच्या घरी पोहोचले. आईने दारातच बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "दूध पिणं चालू. दुपारची झोप बंद. अन् दात येतोय का काय, एवढी शंका हाय." मी खांद्यावरची पर्सही न काढता उभी राहिले.

अण्णा, शिफ्ट बदलताना यंत्राचा चार्ज, म्हणजे ताबा, घेण्याआधी तुम्ही विचारायचात तेच हे तीन प्रश्न. चालू काय, बंद काय, शंका काय? मला आठवतं, मी चार-पाच वर्षांची आहे. तुमची पहिली शिफ्ट सुटली आहे, आईची दुसरी सुरू होणार आहे, आणि पिंपरीच्या बसथांब्यावर तुम्ही दोघं मला एकमेकांच्या ताब्यात देत आहात. तुम्ही गंभीर चेहऱ्याने चार्ज घेता. आई म्हणते, "खोकला चालू, रडणं बंद. शंका येवढीच, की हिनं चिंच खाल्लीय." तुम्ही माझी जीभ बाहेर काढून पाहता. आई चालत्या बसमधून ओरडते, "अहो, लेकरू हाय ते, मशीन न्हाई."

आणि मग ती खंडेनवमी आठवली. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कामगारांची बायका-मुलं तुमच्या कारखान्यात आली होती. पाय मोडून महिनाभर घरी बसलेले तुमचे एक दोस्त लंगडत आले आणि थेट यंत्रापाशी गेले. तुम्ही त्यांना अडवलंत. "आधी चार्ज घे." ते हसले, "मला काय सांगतोस राव, ही मशीन माझ्या हाताखाली म्हातारी झाली." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मशीन तुझीच आहे, भाऊ. गेला महिना तुझा नव्हता." सणाच्या दिवशी, प्रसादाची पुडी हातात धरून, त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं. त्यात त्यांचा कमीपणा कुणालाच दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "मला चार्ज दे. पहिल्यापासून. मला यातलं काही माहीत नाही." ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घ्यायलात. मम्मीला फोन करून सांगितलं मी, आमच्या मॅडम नुसती मान हलवतात, आता माझं काही खरं नाही." आम्ही इतक्या हसलो, की शेजारच्या कामगाराने यंत्र थांबवलं.

चालू काय ते तिने सांगितलं, बंद काय तेही. शंका विचारली तेव्हा ती अडखळली. "दुपारनंतर कॅमेरा चांगली कुलपंही नापास करतो. का, ते कळेना." दुपारनंतर! मी वर पाहिलं. लाइन इथे उभी करताना, कामगारांना उजेड मिळावा म्हणून, छताचा एक पत्रा मीच पारदर्शक बसवून घेतला होता. दुपार कलली की तिथून ऊन थेट कॅमेऱ्यासमोरच्या कुलपांवर उतरतं. आम्ही पुठ्ठ्याचा आडोसा धरून पाहिला. कॅमेरा मुकाट्याने कुलपं पास करू लागला. काय बदललं ते तिला माहीत होतं, मुळात काय होतं ते मला. दोन्ही जोडल्यावर लाइन पुन्हा पुरती समजली, आणि पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटले. साहेबांकडे जायचं मी रद्द केलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा लाइन मी दाखवली. कॅमेऱ्यापाशी आल्यावर तिला पुढे बोलावलं. लाइन पसंत झाली.

हे पत्र कुठे पोहोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. आईला ती सांगणार नाही. पुठ्ठा धरून उभी होते त्या सबंध दुपारी मला बाळाची एकदाही आठवण आली नाही. घरी परतताना बसमध्ये ते ध्यानात आलं. वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहिली, पण वाटलं नाही. मी आनंदात होते. तुम्हीही कधीतरी यंत्रापुढे मला असंच साफ विसरत असाल, अण्णा. विसरत असावात, अशी माझी फार इच्छा आहे.