तो पाऊस चुन्याचा होता

सर,

त्या बारक्या शिशीत जो पांढरा चुरा होता, तो समुद्रातल्या जीवाच्या कवचाचा नव्हता. माझ्या तंबाखूच्या डबीतला वाळलेला चुना होता तो. आन चुकून पडला नव्हता, मीच टाकला होता. झालं, सांगून टाकलं. तुमी जाऊन इतकी वर्सं झाली तवा कुठं माझ्या तोंडातून निघालं, तेबी कागदावर. समोर असता तर मी परत काहीतरी दुसरंच सांगितलं असतं, आन तुमी चष्म्याच्या वरून बघत बसला असता.

बारावीत गणितानं मला लोळवलं, बिडकीनच्या घरातून बापानं हाकललं, आन तुमच्या कॉलेजात मी लॅबमधल्या बाटल्या धुवायला लागलो. समुद्र तवा मी टीव्हीतच बघितला होता. एक दिवस तुमी मला मायक्रोस्कोपपुढं बसवलं. खाली वाळूसारखं काहीतरी होतं, पण प्रत्येक कणाला गोल गोल खोल्या, जणू कुणी पॉपकॉर्न कोरून ठेवलाय. तुमी म्हणला, हे समुद्रातल्या जीवांचं घर हाय, जीव मेला की घर तळाला जाऊन बसतं, वर गाळ साचतो, खालचं जुनं आन वरचं नवं. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलून दुसऱ्या काचेच्या पट्टीवर ठेवायचं होतं. मी ठेवलं. तुमी पुढं वाकून माझा हात बघितला. "अरे, तुझा हात हलतच नाही," म्हणला. शाळेत माझ्या हाताबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. छडीच पडली होती त्याच्यावर.

मग माझी ऐट वाढली. गेटावरचा चहावाला मला बघितलं की म्हणायचा, "क्या मियाँ, समंदर धो को आया क्या?" त्याचंबी खरं होतं. तवाच्या औरंगाबादेत नळ आठ आठ दिवस कोरडा, आन आपल्याला गाळ चाळणीवर धुवायला पाणी लागायचं. कॉलेजात पाणी नसलं की तुमी गाळाच्या पिशव्या तुमच्या घरी न्यायचा, संगं मीबी. मला अजून ते सैपाकघर दिसतं. काकू ओट्याशी भाकरी थापतायत, तुमी मोरीत उकिडवे बसून चाळणीत चिखल धुताय, मी तांब्यानं पाणी सोडतोय. काकू म्हणतात, "प्यायला टँकर मागवायचा आणि ह्यांच्या समुद्राला आंघोळ घालायची. त्या समुद्राला स्वतःचं पाणी नाही का?" तुमी नुसते हसता. मी म्हणतो, "काकू, समुद्राचं पाणी खारट असतं, अंगाला चिकचिक होतं त्याला." काकू मला एक भाकरी जास्त वाढतात.

त्याच मोरीत तुमी मला ऑक्सिजन शिकवला. म्हणला, पाण्यातला ऑक्सिजन सगळा सारखा नसतो, काही हलका, काही जड. उन्हानं वाफ होताना हलका जास्त उडतो, तोच ढगात जातो, पावसातून नदीला येतो, नदी समुद्रात ओतते. मी म्हणलं, म्हंजी उफणताना भुस्सा पुढं उडतो आन दाणा पायाशी पडतो तसं. तुमी म्हणला, तसंच. लई पाऊस झाला की नदीच्या तोंडाजवळचं समुद्राचं पाणी हलकं होतं. तिथला जीव त्याच पाण्यातून घर बांधतो. हजारो वर्सांनी ते घर ॲसिडमधी टाकलं की गॅस निघतो, तो मशीनमधी मोजला की त्या काळचा पाऊस कळतो. मला हे लई आवडलं. माझ्या आज्याला विचारलं असतं तर त्यानं त्याच्या लग्नाच्या वर्साचा पाऊस धड सांगितला नसता, आन इथं एक खसखशीएवढं कवच सांगत होतं.

खसखशीवरून आठवलं. काकूंच्या डब्यातली चिमूटभर खसखस मी त्या पट्टीवर पेरून ठेवली होती. मायक्रोस्कोपखाली खसखशीच्या दाण्यावर अशी जाळी दिसते की कुणीबी फसावं. तुमी लई वेळ बघितलं. तुमच्याकडं पीएचडी करणारी ताई श्वास रोखून उभी. मग तुमी चेहरा न हलवता म्हणला, "नवीन जात आहे. हिचं नाव अनारसा ठेवू." ताई हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून मला वाटायचं, ह्या माणसाला फसवता येत नाय.

म्हणून तर पुढचं मला जड गेलं. लॅबमधी तंबाखू मळायची नाय, हे तुमी मला बजावलं होतं. तुमी वर्गावर गेला होता, ताई सुट्टीवर. मी मायक्रोस्कोपशेजारीच मळायला बसलो, दोन टाळ्या मारल्या, भुगा नाकात गेला आन अशी शिंक आली की पट्टी साफ. त्या थरात कवचं मुळातच कमी, आठवडाभर मान मोडून जमवलेली. फरशीवर गुडघ्यावर बसून शोधलं, काय घावतंय. दुसऱ्या दिवशी कवचांच्या शिश्या परगावच्या मोठ्या लॅबला मोजायला जायच्या होत्या. डबीच्या कडंला चुना वाळून खडा झाला होता. टाचणीनं खरवडला, बारीक केला, शिशीत टाकला. पांढरं ते पांढरं, एवढीच माझी अक्कल.

आकडे आले. तुमी भिंतीवर मोठा कागद लावून टिंबं काढली. सगळी टिंबं एका वळणानं चालली होती आन एक टिंब पार वर, रांगेतून उडी मारून बाहेर. तुमी त्याच्यापुढं उभं राहिला. "एवढा पाऊस," तुमी हळूच म्हणला, "एवढा पाऊस मी कुठंच पाहिला नाही." संध्याकाळी तुमी सगळ्यांना इमरती आणली. महिन्याभरानं तुमाला परिषदेत बोलायचं होतं. इमरती माझ्या तोंडात फिरत राहिली. सांगावं वाटलं, पण तुमचा चेहरा बघून तोंड उघडंना. मला वाटलं, ह्यांनी खसखस ओळखली आन चुना नाय ओळखला.

 मग एक दिवस माझ्या टेबलावर नवी साबणाची वडी, डबीसकट. तुमी म्हणला, "बसायच्या आधी हात धुवत जा, राजा." बस, एवढंच. मला राग आला. वाटलं, खेड्यातला म्हणून घाणेरडा समजतात. राग कसला, भीती होती ती, तिला रागाचे कपडे घातले होते. महिना भरायच्या आत मी काम सोडलं आन अजिंठ्याजवळ फर्दापूरला जीप चालवायला लागलो. पुढल्या उन्हाळ्यात तुमी गेल्याचं कळलं. तुमाला पोचवायला मी आलो होतो. लांब, गेटाजवळ उभा होतो.

तवापासून तो पाऊस माझ्या डोक्यावर पडतोय सर. गावात पीक करपलं, टँकरमागं घागरी घेऊन बाया पळायला लागल्या, की मनात यायचं, सगळ्यात मोठा पाऊस तर मी पाडलाय, डबीतून. तो पुस्तकात छापला असंल, पोरं तो पाठ करत असतील, आन सरांच्या नावाखाली माझी थाप कायमची बसली असंल.

गेल्या आठवड्यात ताई माझ्या गाडीत बसली. आता ती स्वतः शिकवते. पोरांना घेऊन अजिंठ्याला निघाली होती. फुलंब्री मागं पडली तवा तिनं मला ओळखलं. "तू तोच ना रे, अनारसा?"

मी मान हलवली. इकडचं तिकडचं झालं. मग मी, सहज विचारल्यासारखं, म्हणलं, "ताई, तो एवढा मोठा पाऊस सापडला होता, त्याचं काय झालं?"

"कुठला पाऊस?" ती म्हणली. मग हसली. "अरे, तो पाऊस नव्हताच. सर एकट्या टिंबावर कधी विश्वास ठेवायचे का? त्याच थराचा उरलेला गाळ आम्ही दोघांनी तू नसताना पुन्हा धुतला, पुन्हा पाठवला. टिंब गुपचूप रांगेत येऊन बसलं."

"मग आधीचं?"

"चुना. ओला चुना वाळताना हवेतला गॅस खातो, आणि ऑक्सिजनचा आकडा असा हलका येतो की महापूरच वाटावा. सर म्हणाले, समुद्र काही तंबाखू खात नाही, आपल्यातलंच कोणीतरी खातं."

मी गाडी कडंला घेतली. टायर बघतो म्हणलं. टायरला काय धाड भरली होती. मागच्या चाकाशी बसलो आन इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं, डोळ्यातून पाणीबी. म्हंजी तुमी परिषदेत तो पाऊस सांगितलाच नाय. म्हंजी कुठंच छापला नाय. समुद्राला माझा डाग लागलाच नाय.

परत गाडीत बसलो तर ताई म्हणली, "मी म्हटलं होतं सरांना, त्याला झापा. तर म्हणाले, झापलं तर पळून जाईल. त्याच्यासारखा हात मला परत मिळायचा नाही. साबण देऊ, समजेल तो."

मी पळालोच सर. साबणालाच पळालो. तो बी मी घरी नेऊन अंगाला लावून संपवला, आन तंबाखू अजून खिशात हाय.

शेवटाला ताईनं विचारलं, "हात न धुताच कवचं उचलली होतीस ना तेव्हा?" मी म्हणलं, "व्हय ताई, बोटालाच चुना होता." बघा, परत खोटंच बोललो. तुमीबी तो बोटाचाच चुना समजून गेला असाल. ती म्हणली, तिच्या लॅबमधल्या पोरींचे हात थरथरतात, रविवारी येऊन त्यांना ब्रश धरायला शिकव. येत्या रविवारी जातोय. नवी साबणाची वडी घेतलीय, डबीसकट.

हा कागद कुठं टाकणार, गाडीच्या सीटखाली राहील. पण सर, पाया पडतो तुमच्या, चुना मी मुद्दाम टाकला होता हे कुणाला म्हंजी कुणालाच सांगू नका. मेलेल्या माणसांना सपनात यायची सवय असते म्हणतात. माझ्या सपनात या, पायजे तेवढं झापा, पण रविवारपर्यंत तेवढं ताईच्या सपनात जाऊ नका.