दुखतं, पण थोडंच

अण्णा, आज नातवाला लस टोचायला नेलं होतं. सुई धरणारी पोरगी गोड आवाजात म्हणाली, काही दुखत नाही हं, आणि पठ्ठ्यानं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. मला मेलीला हसू आलं. मग तुमची अशी आठवण आली की घरी येऊन वही काढून बसले.

निजामाच्या राज्यात तुम्ही गावोगाव देवी टोचत फिरायचात, आणि आई नसलेली तुमची नऊ वर्षांची लेक मी तुमच्या मागं. गावात शिरलो की पोरं पसार. आया जेवताना धाक घालायच्या, "खा, न्हायतर देवीवाला येईल." मग तो खरंच आल्यावर दुसरं काय होणार! कुणी कणगीत, कुणी म्हशीमागं. नळदुर्गाकडच्या एका खेड्यात तुम्ही अगदी घायकुतीला आला होतात, कारण देवीची साथ शेजारच्या गावापर्यंत पोचली होती. मला वाटलं, आपण अण्णांचं काम सोपं करावं. चावडीपुढं माझ्याएवढ्या एका पोरीला सांगितलं, मुंगीबी चावत न्हाय. ती बिचारी विश्वासानं बसली आणि सुई लागताच अशी किंचाळली, की रांगेतली सगळी पोरं ज्वारीत पळाली.

तुम्ही मारलं नाहीत. बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, "साथ उद्या इथं यील. खोटं तू बोललीस, आता घरोघर जाऊन खरं तूच सांग." लाजेनं अर्धी होऊन मी दारोदार सांगत फिरले: मी खोटं बोलले, दुखतं, पण थोडंच, रडलं तरी चालतं. आया हसल्या. पोरं मात्र विचारू लागली, रक्त येतं का, ताप येतो का. दिवस मावळायच्या आत ती किंचाळलेली पोरगीच दोन भावांना ओढत घेऊन आली, दंड दाखवत, लई शहाणी असल्यासारखी. बाकीची तिच्यामागं आली. पुढं साथ त्या गावात शिरली, पण टोचलेलं एकही लेकरू गेलं नाही.

मी नर्स झाले ती त्याच दिवसामुळं. नोकरीभर एकाही लेकराशी खोटं बोलले नाही, हे अजून तोऱ्यात सांगते. हे टपालात टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. शेवटच्या दुखण्यात तुमची शीर सापडत नव्हती. मी सुई घेऊन उभी होते. तुम्ही विचारलंत, "दुखंल का गं?" मी म्हणाले, "न्हाय, अण्णा." तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तरी मुकाट्यानं हात पुढं केलात. त्या दिवशी भ्याले होते ती मीच.