बघितलंय, निघ तू

३ फेब्रुवारी, मंगळवार
आईचं तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदा कामावर. कांदिवलीहून मुलुंडपर्यंत टोपी होती डोक्यावर. यार्डाच्या गेटवर काढली, तसा मुंडण बघून क्रेनवाला बोलता बोलता गप्प झाला. सगळेच हळू आवाजात बोलतायत. कांबळे ड्रायव्हरने हात धरला. "सावंतसाहेब, तुम्ही नुसतं बसा. ट्रेलर आम्ही भरतो."
बसलो. बरं वाटलं.
रडू अजून आलेलं नाही. कोणाला सांगणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी फोन. जालन्याला चाललेल्या कांबळेच्या ट्रेलरवरून ऐरोलीच्या वळणावर भंगारातले पाइप घसरले. एक रिक्षावर पडला. आत पॅसेंजर नव्हता, पण रिक्षावाल्याचं मनगट मोडलं. जरा इकडे पडला असता तर…
भंगार हलून हलून खाली बसतं. यार्डात कितीही आवळा, वजनकाट्यापर्यंत जाईस्तोवर माल बांधलेले पट्टे ढिले होतातच. म्हणून काट्यावर मी प्रत्येक पट्टा ओढून बघायचा, परत आवळून घ्यायचा आणि मग 'निघ' म्हणायचं. माझ्या शब्दाशिवाय गाडी रस्त्याला लागत नाही. नियम मीच घातलेला.
आज काट्यावर गेलोच नाही. कांबळे स्वतः माझ्या केबिनच्या दारात आला होता. "साहेब, बघता ना एकदा?"
मान वर न करता म्हणालो, "बघितलंय. निघ तू."

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शेठने बोलावलं. "पट्टे म्हणजे ड्रायव्हरची जबाबदारी. कांबळेला घरी बसवलंय, महिनाअखेर काढून टाकतो. तू होतास ना काट्यावर?"
मी खाली बघितलं. शेठची नजर माझ्या डोक्यावर गेली. "जाऊ दे रे. तुझ्या घरी काय झालंय मला माहितीये. चहा घे."
घेतला.
शेठच्या केबिनमध्ये शिरताना टोपी काढली होती. मुद्दाम काढली. इथे तरी खरं लिहावं.

८ फेब्रुवारी, रविवार
मामा आले होते. शुभाने विचारलं, आईंच्या चष्म्याचं काय करायचं? मी म्हटलं, राहू दे. मामा लगेच तिला म्हणाले, "बघ. झील रडना नाय, आतल्या आत जळता."
शुभा माझ्याकडे बघत राहिली. तिला कळतं सगळं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
काम सुटल्यावर घाटकोपरला, असल्फ्याला कांबळेच्या घरी. चढ चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं.
कांबळे उलट माझीच समजूत काढायला लागला. "तुमचं नाव घेतलं नाही मी. त्या दिवशी आईच्या आठवणीत होतात तुम्ही, दिसत होतं ना. मान खाली घालून बसलेलात. म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही. चूक माझीच."
आतून त्याची बायको म्हणाली, "हो, चूक तुमची. आणि नोकरी पण तुमचीच गेली."
"तू गप गं जरा."
तिने पाणी आणून ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर केलं.
मी मोबाइल बघत होतो. मॅच चालू होती. आई डोक्यात नव्हतीच तेव्हा. हे सांगायला गेलो होतो, न सांगता उतरलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
शेठला सांगितलं. काट्यावर गेलो नव्हतो, न बघताच गाडी सोडली, कांबळेला काढू नका.
"तो आला होता का रडायला तुझ्याकडे?"
"नाही. मीच गेलो होतो."
"तू मनाने खचलायस सध्या. दुसऱ्याचं अंगावर घेऊ नकोस. आठवडाभर सुट्टी टाक हवी तर."
संपलं. बाहेर येतो तर क्लार्क क्रेनवाल्याला सांगतोय, "ड्रायव्हरसाठी स्वतःवर घेतो, यार. असा माणूस बघितला नाही."
वाट लागली. खरं बोललो ते पण माझ्याच चांगुलपणात जमा झालं. मॅचचं सांगितलं असतं तर शेठला पटलं असतं. तेवढंच तोंडातून निघालं नाही. टोपी आजही हातातच होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार
केस टोचायला लागलेत. यार्डात आवाज पुन्हा चढलेत. क्रेनवाल्याने आज मला "काय टकलू" म्हटलं आणि जीभ चावली. बरं वाटलं.
जेवणाच्या सुट्टीत काट्यामागे जाऊन कांबळेला फोन लावला. सगळं सांगितलं. आईची आठवण वगैरे काही नव्हतं, मोबाइलवर स्कोअर बघत होतो.
कांबळेने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि मी बायकोशी भांडत होतो. म्हटलं, आई गेलीय त्या माणसाची." मग, "जिंकलो का आपण?"
आठवेना. खरंच आठवेना.
"बघा," म्हणाला. हसला का, कळलं नाही. "उद्या सकाळी येतो यार्डात. हेच शेठसमोर बोला. स्कोअरचं पण. मी बाजूला उभा राहतो."
हो म्हणालो.
घरी आल्यावर टोपी खुंटीवरून काढून डब्याच्या पिशवीवर ठेवली. शुभाने विचारलं, अजून लागते का? म्हटलं, उद्या लागेल.
उद्या शेठच्या केबिनमध्ये काढायची नाही.