दोर कोण धरणार

१२ जानेवारी

उजव्या गुडघ्या, कसा आहेस? डाव्या, तू? कमरे, तुझं काय म्हणणं? डोळ्यांनो, मोतीबिंदू काढल्यापासून तक्रार नाही ना? आणि हृदया, तू? डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम." वयाच्या मानाने! तेवढं शेपूट लावल्याशिवाय या लोकांना राहवत नाही.

सगळे बरे आहात ना? मग ऐका. आपण जातोय. गोठलेला धबधबा चढायला. जन्मभर वाचला, आता चढायचा.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी

सांगितलं. नुसता गोंधळ!

मुलगा म्हणाला, "बाबा, सदुसष्ट वय आहे तुमचं." म्हटलं, माहीत आहे, जन्मलो तेव्हा मी तिथे हजर होतो. मुलगी फोनवर रडली. सूनबाई हसू दाबत भांडी आवरत राहिली — तेवढीच एक समजूतदार.

ही काहीच बोलली नाही. ते सगळ्यात वाईट. कपड्यांच्या घड्या घालत होती, माझ्या शर्टाची बाही जरा जोरातच ओढली.

१६ जानेवारी

मुलगा विचारतो, असं असतं काय त्या तुमच्या गिर्यारोहणाच्या पुस्तकांत? त्याच्याशी कोण डोकं लावणार. इथे लिहितो.

लिफ्ट दुरुस्तीत माझी हयात गेली. सुटा भाग येईपर्यंत लिफ्टच्या टपावर बसून राहायचं. वर अंधार, खाली अंधार, मध्ये मी आणि बॅटरी. तिथे पहिलं पुस्तक वाचलं — कुणा भाडेकरूने रद्दीत टाकलेलं, मुखपृष्ठ गेलेलं. चार माणसं, एक तंबू, बाहेर वारा. शाळा सातवीत सुटलेली. हिमकडा म्हणजे काय, हिमनदी म्हणजे काय, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. त्या दिवशी जो अडकलो तो अडकलोच.

उपाशी राहतात, बोटं काळी पडतात, आणि शेवटी उतरून जिथून निघाले तिथेच येतात! कबूल. पण त्या पानांवर "लोक काय म्हणतील" असं कुणी म्हणत नाही. माणूस हात वर टाकतो, पकड तपासतो, मग पाय. थापा मारायला जागाच नाही.

मी आयुष्यात जितक्यांदा वर गेलो, तितक्यांदा बटण दाबून.

१९ जानेवारी

माशी शिंकली. त्या धबधब्यावर चढाई शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्या मुलीपेक्षा लहान. "काका, साठीच्या पुढच्यांनी घरचं एक माणूस आणायचं. खाली उभं राहून दोर धरायला. कसा धरायचा ते आम्ही शिकवू."

म्हटलं, घरचंच का?

"तुमचं ऐकणारं माणूस आम्हाला नको असतं, काका. तुम्ही ज्याचं ऐकाल असं हवं."

मुलाला विचारलं. "म्हणजे तुम्ही पडणार आणि मी बघत उभा राहणार? जमणार नाही." कामावरच्या जुन्या जोडीदाराला विचारलं, तर त्याचा खांदा एकाएकी दुखायला लागला. भेकड! ज्याने माझ्या भरवशावर वीस मजली शाफ्टमध्ये डुलक्या काढल्या, तो!

२० जानेवारी

मुलगा म्हणतो, पुस्तकांचं कपाट कुलूपबंद करीन. कर. तोंडपाठ आहेत.

२३ जानेवारी

ही बोलली!

चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "वाचा बरं त्यातलं एखादं पान." माझं आवडतं वाचलं, वादळात कड्यावर लटकलेल्या माणसाचं. जीव ओतून वाचलं. हिने शांतपणे ऐकलं.

"हा दोराच्या वरच्या टोकाला. खालच्या टोकाला कोण?"

त्याचा साथीदार, म्हटलं.

"नाव काय त्याचं?"

पानं मागे-पुढे केली. नाव नव्हतं.

"आणि याची बायको?"

ती पहिल्या प्रकरणात स्टेशनवर हात हलवून गेली, ती गेलीच.

"बरं, आणि एवढे कपडे घालून लघवीला कसे जातात?"

तेही कुठे नाही! "तुमच्या पुस्तकांत अर्धंच लिहिलंय," म्हणाली. मग म्हणाली, "दोर मी धरते. दुसऱ्या कुणाच्या हातात तुम्हाला देणार नाही. पण मी उतरा म्हटलं की उतरायचं. वाद नको."

कबूल केलं. दुसरं काय करणार?

मुलगा तिच्यावर चिडला, "आई, निदान तू तरी!" ही म्हणाली, "नोकरी सोडलीस तेव्हा आम्हाला विचारलं होतंस?"

३ फेब्रुवारी

आधी रेल्वे, मग बस. माझं पुस्तक हिने बळकावलंय. बोलायला गेलो तर म्हणते, "थांबा हो, त्यांचा तंबू उडालाय."

५ फेब्रुवारी

पाहिला. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पाणी पडता पडता जागीच थिजलेलं! आत निळं, कडेला पांढरं.

बुटांखाली लोखंडी दात बांधले, दोन हातांत दोन वाकड्या कुऱ्हाडी. दोर वर ठोकलेल्या लोखंडी कडीतून ओवलेला: एक टोक मला, दुसरं हिला, आणि वजनाला हलकी म्हणून हिला झाडाशी ढिल्या पट्ट्याने बांधलेलं. दहा फुटांवर माझा पाय सुटला. मी खाली आलो, ही जमिनीवरून वर!

"जन्मभर मी तुम्हाला सांभाळलं," लटकल्या लटकल्या ओरडली, "आज तुम्ही मला उचललंत!"

बाई हसता हसता बर्फात बसल्या.

७ फेब्रुवारी

आज खरी चढाई. कुऱ्हाड नीट रुतली की भरीव आवाज येतो, नाही रुतली की बर्फाच्या खपल्या तोंडावर. निम्म्याच्या वर गेलो. पोटऱ्या पेटल्या होत्या, पण मन असं मोकळं! माथा दिसत होता, चार-पाच हात वर.

"उतरा," खालून आवाज आला.

अजून थोडंसं! मी ओरडलो.

"उतरा!"

शब्द दिला होता. उतरलो. पण रागाने. "तुमचे हात थरथरत होते, मला दोरातून कळत होतं," म्हणाली. जेवणार नाही असं ठरवलं. मग जेवलो.

८ फेब्रुवारी, सकाळ

शेवटचा दिवस, आणि उजवा खांदा वर जाईना. शर्टसुद्धा हिने घालून दिला. बाई म्हणाल्या, "काका, आज नाही."

हरलो असं लिहिणार नाही. वर पोचलो नाही, एवढंच. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणार. मुलाने काय वाटेल ते म्हणावं.

८ फेब्रुवारी, दुपार

दोर बांधलेलाच होता. हिने बाईंकडे आपल्या मापाचे बूट मागितले.

मी धरला; त्याला खांदा वर न्यावा लागत नाही. निम्म्यावर गेली तेव्हा ओरडलो, पुरे आता, उतर! ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ठक, ठक, ठक. मग दिसेनाशीच झाली. दोर तेवढा माझ्या हातातून सरकत होता.

मग वरून आवाज आला: "अहो, इथून मागे अजून एक दिसतोय! याच्यापेक्षा उंच!"