पिवळ्या बावट्यातलं बाळ

पोर्टलंड, ऑरेगन
सप्टेंबरअखेर, १९७४

प्रिय लेलँड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू म्हणाला असशील, 'व्हर्जिल अजून आहे तर.' आहे, पण सध्या माजी सैनिकांच्या इस्पितळात आडवा आहे. पित्ताशय काढलं, काळजीचं काही नाही. तिकडे नेब्रास्कात मका काढायची घाई असेल, तरी हे पत्र ट्रॅक्टरवर बसून वाचू नकोस. घरी जा, डोरिसला कॉफी टाकायला सांग, आणि तिलाही शेजारी बसव.

आमच्या वॉर्डात नीव्हेस नावाची एक नर्स आहे, फिलिपिन्सची. हात हलका, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मिस्टर टोलोनेन, तुम्ही लढाईत होतात म्हणे, आणि सुईकडे बघवत नाही?" मी विषय बदलायला तिचं गाव विचारलं, तर ती लेते बेटावरची निघाली. म्हटलं, तुझं बेट मी समुद्राकडून पाहिलंय. कुठल्या जहाजावरून, तिनं विचारलं. मी म्हणालो, "जहाज कसलं, चपट्या तळाची बोट. सैनिक भरायचे आणि वाळूवर नेऊन ओतायचे. तिला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा." माझी नाडी मोजता मोजता ती थांबली. "पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना जिने असलेली?"

आता मला सांग, ते जिने कुणाला ठाऊक असतात? माझ्या बायकोलाही नाहीत. मी विचारलं, तू कुठे पाहिलीस अशी बोट? तर म्हणते, "पाहिली नाही. आई सांगते, मी तिच्यात जन्मले."

मी मनाशी म्हटलं, तशा बोटी शेकड्यांनी होत्या, आणि आया काहीही सांगतात. पण मला झोप लागेना. मी ती सकाळ मनात पुन्हा पहिल्यापासून लावून बघू लागलो. तू त्याबद्दल कधी बोलला नाहीस आणि आम्हालाही बोलू दिलं नाहीस, म्हणून आज लिहितोय. माझं कुठे चुकत असेल तर सांग.

चव्वेचाळीस साली, लेतेवरच्या ऑर्मोकच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवून झाले होते. मग हुकूम आला की मारा होत असलेल्या गावातली माणसं उचलून खाडीपलीकडे सोडा. बायका, कोंबड्या, एक शिलाई मशीन, आणि चिरूट ओढणारी ती म्हातारी सुईण. सैनिक जिथे ओकायचे त्याच कोठीत एका तरण्या बाईला कळा सुरू झाल्या. कप्तानानं वरून विचारलं, "खाली अजून किती वेळ?" तू सुईणीला खुणेनं विचारलंस आणि वर ओरडून सांगितलंस, "ती म्हणतेय, आधी तुमची बोट हलायची थांबवा." सगळे हसले, कप्तानही हसला. बाळ आलं तेव्हा बोटीवर कोरडी चिंधी नव्हती, सगळ्याला डिझेलचा वास. तू इशाऱ्यांच्या बावट्यांच्या पेटीतून पिवळा बावटा काढून आणलास. कप्तान म्हणाला, "हा कुठे गेला म्हणून विचारलं तर मी काय सांगू?" तू म्हणालास, "सांगा, सर, कामी आला."

मग आपण पाठीमागचा नांगर टाकला आणि बोट वाळूवर चढवली. तू दोर घेऊन छातीभर पाण्यातून पुढे गेलास, माणसं दोराला धरून उतरली. आई सुईणीच्या खांद्यावर, बाळ तुझ्याकडे. त्यांना माडांखाली बसवून तू परतलास. मी विंचच्या यंत्रावर नांगराची तार ओढत होतो, बोट मागे सरकत होती, तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चढत होतास, तेवढ्यात तोफगोळे आले. एक पाण्यात पडला, तुझ्या अगदी जवळ, आणि बाकीचे माडांत. धूर विरला तेव्हा तिथे एकही माड उभा नव्हता. मागे फिरा म्हणून तू कप्तानाचा दंड धरलास. तो म्हणाला, "ओहोटी लागलीय, पोरा. आता टेकलो तर निघणार नाही." खरंच होतं ते. युद्धानंतर आपल्या बोटीवरच्या मंडळींच्या मेळाव्याला तू एकदाही आला नाहीस. डोरिसनं पूर्वी माझ्या बायकोला सांगितलं होतं, की स्वतःची मुलं वर्षाची होईपर्यंत तू त्यांना कडेवर घेतलं नाहीस. का, ते तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नीव्हेसला आडून आडून विचारू लागलो. माझ्या तोंडून काही निसटू न देता तिच्याकडून काढायचं होतं. कशात गुंडाळलं होतं तुला? "पिवळ्या कापडात. जाड होतं, म्हणे. त्याचा पुढे माझा झगा झाला, मग धाकट्या भावाची चड्डी." मग तोफगोळे आले नाहीत का? ती माझ्याकडे बघतच राहिली. "आले ना. पण सुईण हट्टी. बाळाला तेलाचा घाण वास येतोय, आधी धुवायचं, म्हणून आईला हाताला धरून माडांमागच्या ओढ्यात घेऊन गेली. ओढा खोल होता. वरचे माड पडले, त्या खाली वाचल्या. पण तुम्हाला कोणी सांगितलं तोफगोळ्यांचं?"

तेव्हा मी सांगितलं. ती माझ्या खाटेवरच बसली, नियमात बसत नसताना. मग प्रश्नांचा पाऊस: तो उंच आहे का, बोलका आहे का, त्याला मुलं किती, तो भात खातो का. मी म्हणालो, तो बटाटे खातो. ती हसली आणि रडलीही.

लेलँड, ती वाचली, एवढं कारणही पत्र लिहायला पुरेसं होतं, पण मला लगेच लिहायला बसवलं ते तिच्या आईनं. पोलिकार्पिया तिचं नाव. सुकी मासळी विकते, तब्येत ठणठणीत. त्या सकाळी ती ओढ्यातून वर आली, तेव्हा जिथे जिना होता तिथे नुसता धूर आणि दूर जाणारी बोट दिसली, तू दिसला नाहीस. तेव्हापासून दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती त्या उंच खलाशासाठी मेणबत्ती लावते. नावाशिवाय प्रार्थना कशी करायची म्हणून पाद्री कुरकुरतो, तर ती त्याच्याशी भांडते. नीव्हेस म्हणते, "मी कळवलं तर आई म्हणेल, पोर माझी समजूत काढतेय. त्यांनाच लिहू द्या." पत्ता मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात आहे. यंदाची मेणबत्ती लागायच्या आत तुझं पत्र पोचायला हवं. दोन ओळी पुरेत, कुणीतरी वाचून दाखवील. तिला तुझं नाव ठाऊक नाही, तेवढं सुरुवातीलाच लिही.

तुझाच,
विंचवरचा व्हर्जिल